जुनं आपोआप जातं

भावेशच्या दुकानात त्या दिवशी कीर्तीने जरा नीट कान दिला असता, तर पुढचं महाभारत टळलं असतं. पण एखादी वस्तू घ्यायचीच असं मनात पक्कं झालं, की माणूस दुकानदाराच्या बोलण्यातले सोयीचे शब्द तेवढे वेचून घेतो आणि बाकीचे तिथेच काउंटरवर सोडून येतो. कीर्ती असल्या वेचणीत पटाईत होती.

दुकान बोईसरला, नवापूर रोडवर. टीव्ही, मिक्सर, पंखे आणि छपरावर लावायच्या डिश. कीर्ती आणि तिचा नवरा केदार घिवलीहून मोटरसायकलवर आले होते, ते टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवणारा सेट टॉप बॉक्स घ्यायला. केदार तारापूरच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारा. दुपारची पाळी गाठायची म्हणून तो सारखा घड्याळ बघत होता. खरेदीचं कारण मात्र मानाचं होतं. केदारचे वडील दिनानाथ, ज्यांना घरात आणि गावात सगळेच अण्णा म्हणत, ते टीव्हीवर दिसणार होते.

एका मराठी वाहिनीवर दुपारी तीन वाजता शेतकऱ्यांसाठी तासाभराचा थेट कार्यक्रम लागायचा. जाणकार माणूस स्टुडिओत बसणार, गावोगावचे लोक फोन करून त्याला शंका विचारणार. यंदा चिकूची पाळी आली तेव्हा कुणीतरी अण्णांचं नाव सुचवलं. ते बरोबरच होतं म्हणा. अण्णांच्या वाडीतला माल व्यापारी न बघता उचलत, कारण कच्चं काढलेलं एक फळ त्यात सापडायचं नाही. 'दिनानाथाचा हात' असं लोक म्हणत. पालघरच्या शेतकरी मेळाव्यात त्या हाताला शाल-श्रीफळही मिळालं होतं.

अडचण एवढीच झाली, की नेमका त्याच मंगळवारी अण्णांच्या बायकोचा, सुलूचा, म्हणजे कीर्तीच्या सासूबाईंचा, पालघरला मोतीबिंदू काढायचा होता. शिबिरातली तारीख, एकदा हुकली की पुन्हा कधी मिळेल याचा नेम नाही. अण्णा म्हणाले, मी टीव्हीवाल्यांना नाय सांगतो. सासूबाईंनी ऐकलं नाही.

"तुमी जा मुंबईला. मी केदारबरोबर जाते पालघरला. पण मला बघायचंय हां. इतकी वर्सं धुरकट बघितलं तुमाला, एकदा सोच्छ बघू दे."

म्हणून हा खटाटोप.

भावेशने काउंटरवर दोन खोके मांडले. त्याचे आजोबा गुजरातेतून आलेले, तो स्वतः बोईसरचाच, आणि तीन भाषांत सारख्याच सफाईने माल विकायचा. "हा बघा केदारभाई, साधा. मागं पेनड्राइव्ह लावायचा, पाहिजे ते रेकॉर्ड करायचं. भरला की थांबतो. तोंडावर सांगतो, जागा नाय. आणि हा मोठा. याची डिस्क आतच. एका टायमाला दोन चॅनल घेतो. मालिकेला एकदा बटण मारलं की रोजचा भाग आपोआप. आणि भाभी, भरायचं टेन्शनच नाय. भरलं की जुनं आपोआप जातं, नवीन येतं."

"आपल्याला अण्णांचा एक तासच तर पायजे," केदार म्हणाला. "साधा बस झाला. भरला की थांबेल, मग बघू आपण."

आता कीर्तीच्या मनातलं सांगायला हवं. लग्न होऊन आल्यापासून तिला संध्याकाळची एकही मालिका धड बघायला मिळाली नव्हती. सात वाजता भाकऱ्या, साडेसातला अण्णांच्या बातम्या, आठला दोन वाहिन्यांवर दोन मालिका एकदम, आणि त्यातली एक सुरू झाली की केदार क्रिकेट लावणार. कोण कुणाची सावत्र बहीण आणि कुणी कुणाला विष घातलं हे तिला दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळायचं. एका वेळी दोन चॅनल, हे शब्द कानावर पडले आणि तिचा निर्णय तिथेच झाला.

"अण्णांचं काम हाय," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "त्यात कशाला हात आखडायचा? घेऊ तर चांगलाच घेऊ."

वडिलांचं नाव निघाल्यावर केदारने पाकीट काढलं. सासऱ्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवून सुनेने आपला नेम साधला. भावेश बिल करता करता म्हणाला, "आणि भाभी, जे कायमचं ठेवायचं ना, त्याला हे पिवळं बटण दाबायचं. कुलूप लागतं. मग ते जात नाय." कीर्ती "हो हो" म्हणाली. तेव्हा ती खोक्यावरचं चित्र बघत होती.

मंगळवारी केदार सासूबाईंना घेऊन पालघरला गेला; तिथेच दिलेली त्याची धाकटी बहीण रूपलही दिवसभर दवाखान्यात आईजवळ होती. अण्णा शेजारच्या कमलेशच्या गाडीतून भल्या पहाटे मुंबईला निघाले. मुलगी तेजल शाळेत. घरात कीर्ती एकटी, हातात रिमोट. तीनच्या ठोक्याला बॉक्सवरचा लाल दिवा लागला आणि तिने हुश्श केलं.

पडद्यावर अण्णा आले. केदारच्या लग्नात शिवलेला कोट अंगात, मान अवघडलेली, आणि नजर सारखी चुकीच्या कॅमेऱ्याकडे. कीर्तीला हसू आलं आणि अभिमानही वाटला. फळगळ, खतं, पानावरची कीड असं बोलणं चाललं होतं. अर्धा गाव आपापल्या घरी बघत बसला होता. पण साडेतीनच्या सुमारास वारा सुटला, माडाची एक झावळी तारेवर पडली आणि वीज गेली. तारापूरच्या वीजकेंद्राची उंच चिमणी घिवलीतून दिसते, पण म्हणून झावळीला काही ती अडवत नाही. सगळ्यांचे टीव्ही बंद पडले. कीर्तीच्या घरी रात्रपाळी करून आलेल्या केदारला दिवसा पंख्याखाली झोपता यावं म्हणून घेतलेला इन्व्हर्टर होता, त्यामुळे गावात पुढचं फक्त तिने बघितलं.

पावणेचारला जुन्नरकडच्या एका बाईंचा फोन आला. चिकूला रंग येत नाही, वासही येत नाही, मग झाडावरचं फळ काढणीला आलं हे ओळखायचं कसं, असा त्यांचा प्रश्न होता. अण्णांनी कोट सारखा केला. मग पहिल्यांदाच त्यांनी बरोबर कॅमेऱ्यात बघितलं.

"खरं सांगू का ताई? मला नाय समजत. लोक म्हणतात दिनानाथाचा हात. तो हात माझा नाय. आमच्या घरी सुलू हाय. ती फळ हातात घेते, वरची भुकटी पुसते, नखाने इतकंसं खरडते आणि सांगते, हा काढा, हा राहू दे. चाळीस वर्सं मी सुलूला विचारूनच काढतो. मला शाल दिली, तेवा पण मी हे बोललो नाय. चुकलंच ते माझं. आज तिच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय, नायतर या खुर्चीत तीच बसली असती."

कीर्तीच्या अंगावर काटा आला. शालीचं प्रकरण तिला ठाऊक होतं. मेळाव्यात अण्णांनी झाडांचे आभार मानले, मातीचे मानले, भाषणात सभापतींचेसुद्धा मानले, आणि शाल घेऊन घरी आले. सासूबाईंनी ती शाल घडी करून पेटीच्या तळाशी टाकली, ती आजतागायत. थंडीतही कधी बाहेर काढली नाही, आणि त्यावर कधी एक शब्दही बोलल्या नाहीत. पण काटा आला तो त्याने नव्हे. अण्णांनी बायकोचं नाव घेतलं होतं. घरात त्यांची हाक 'अगो' अशी, आणि चार माणसांत 'केदारची आई'. सुलू हा शब्द त्यांच्या तोंडून कीर्तीने तर सोडाच, केदारनेही कधी ऐकला नव्हता. तो त्यांनी उभ्या महाराष्ट्रासमोर दोनदा उच्चारला.

संध्याकाळी अण्णा आले. कीर्ती पाणी घेऊन गेली, तर त्यांचे कान लाल झालेले.

"बघितलंस?"

"हो अण्णा."

"सगळं? लाइट गेली होती ना म्हणतात."

"इन्व्हर्टरवर बघितलं."

अण्णांनी तांब्या घटाघटा रिकामा केला. कमलेश सगळा वेळ गाडीत झोपला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. "मग तोंडात ठेव," ते हळू आवाजात म्हणाले. "तिला तिचं तिला ऐकू दे. तवर कुणाला लावून पण दाखवू नको. केदारला पण नाय."

कीर्तीने मान डोलावली. हे गुपित आपल्याला मिळालं याचा तिला आनंदच झाला, आणि तिने ते राखलंही. नको तिथे माणूस किती इमानदार असतो बघा.

डॉक्टरांनी पंधरा दिवस डोळ्याला ताण देऊ नका असं सांगितलं होतं. सासूबाईंनी काळा चष्मा लावून ते अक्षरशः पाळलं. त्यांच्या नणंदेचा डोळा असाच हयगयीने बिघडलेला. नुसतं ऐका तरी, असं केदारने सुचवलं, तर म्हणाल्या, "ऐकते तर रोजच. मला बघायचंय." अण्णा मग उगाच अंगणात चकरा मारायचे. सोळाव्या दिवशी, गुरुवारी, चष्मा उतरला. अण्णा म्हणाले, चल, बघ आता. सासूबाई म्हणाल्या, "रविवारी बघू. केदारची सुट्टी हाय, रूपलला पण बोलवू पालघरहून. सगळे मिळून बघू."

शुक्रवारी सकाळी अण्णा वाडीत पाणी सोडायला गेले. पाटाच्या कडेला दम खायला बसले, ते उठलेच नाहीत.

त्या दिवसांचं काय सांगायचं? माणसं आली, गेली. रूपल दुपारी पोचली ती रडतच, आणि रडता रडताच तिने कपाटातली चादर काढून टीव्हीवर टाकली. सुतकात आमच्याकडे टीव्ही लावत नाहीत. तेरा दिवस तो झाकलेलाच राहतो, आणि शेजारपाजारचे लोकसुद्धा आपला आवाज बारीक करतात. सासूबाई त्या झाकलेल्या टीव्हीसमोरच भिंतीला टेकून बसायच्या. आल्यागेल्याला सांगायच्या, "माजं बघायचं राहिलं. पण हाय आत. कीर्तीने ठेवलंय भरून. तेरावं झालं की बघेन." हे सांगताना त्यांचा आवाज जरा सावरायचा. जमलेल्या बायका म्हणायच्या, नशीब गो तुजं, चालतंबोलतं ठेवून गेले.

आणि आता कीर्तीने केलं ते. तिसऱ्या दिवशी पुरुषमाणसं राख सावडायला गेली होती. बायका मागच्या पडवीत. कीर्ती केर काढायला पुढच्या खोलीत आली आणि तिच्या मनात आलं, की तेरा दिवस म्हणजे तेरा भाग. तिकडे त्या मालिकेत लग्न व्हायचं होतं, दुसरीत कोर्टाचा निकाल लागायचा होता. ती वाईट बाई होती असं नाही. अण्णांसाठी ती मनापासून रडली होती आणि पुढेही रडणार होती. पण मनाच्या एका कोपऱ्यात दुःख आणि दुसऱ्या कोपऱ्यात मालिका, असं माणसाचं असतं. ते कुणी कबूल करत नाही एवढंच.

तिने चादरीचं टोक वर केलं. आवाज शून्यावर नेऊन टीव्ही लावला. दोन मालिका आधीपासून रोज भरल्या जात होत्या. त्या ती बघून पुसून टाकायची. आज तिने आणखी तीन लावल्या, चांगल्या स्वच्छ चित्राच्या, ज्यांना जागा दुप्पट लागते. तिसरी लावताना पडद्यावर पिवळी चौकट आली. इंग्रजीतल्या दोन-तीन ओळी आणि खाली 'ओके'. मागे पडवीत पावलं वाजली. कीर्तीने 'ओके' दाबलं, टीव्ही बंद केला, चादर सारखी केली आणि केरसुणी उचलली.

त्यानंतर रोज संध्याकाळी सात वाजता चादरीआड लाल दिवा लागायचा. पातळ चादरीतून तो दिसायचा. चौथ्या दिवशी कुणाचंही लक्ष जाण्याआधी तिने चादरीचा तो कोपरा दुमडून बॉक्सवर जाडसर घडी घातली. सुतकाच्या घरात मालिका भरल्या जातायत हे कुणाला कळलं तर काय म्हणतील, एवढीच तिला धास्ती होती. त्या दिव्याखाली दुसरंही काही घडत असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नाही.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी गोड जेवण झालं, पाहुणे पांगले. दुपारी सासूबाईंनी तोंड धुतलं, केस विंचरले, नवा चष्मा पुसून डोळ्यावर चढवला आणि टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसल्या. एरवी त्या जमिनीवर बसत.

"काढा ती चादर," त्या म्हणाल्या. "ह्यांना बघू दे मला."

केदारने चादर काढली. रूपल आईच्या पायाशी बसली. कीर्तीने रिमोट हातात घेतला आणि भरलेल्या कार्यक्रमांची यादी उघडली. सगळ्यांत वर कालची मालिका. खाली परवाची. ती खाली खाली जात राहिली. मालिका, मालिका, मालिका. यादी संपली. शेवटचा कार्यक्रम अण्णा गेल्यानंतरच्या सोमवारचा होता. त्याच्या मागचं काहीच नव्हतं. केदारने भरून ठेवलेल्या क्रिकेटच्या मॅचेस नव्हत्या. अण्णा नव्हते.

"पुन्हा वर जा," केदार म्हणाला. ती वर गेली, खाली आली.

रूपलला मात्र वेगळंच दिसलं. ती गुडघ्यांवर उठून पडद्याजवळ गेली आणि बोटाने तारखा दाखवत वाचू लागली. "ही दहाव्याची तारीख. ही नवव्याची. ही... वहिनी, आपण अण्णांचं पिंडदान करत होतो, तेवा तुझी मालिका भरत होती?"

केदारने बायकोकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. नजरेत राग असता तरी तिला बरं वाटलं असतं.

"जुनं आपोआप जातं," तो हळूच म्हणाला. "भावेश बोलला होता."

"अण्णांसाठी घेतला होता ना?" रूपल किंचाळलीच. "का हिच्या नाटकांसाठी?"

"रूपल, पुरे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी मिटली. "मशीन हाय ते. जातं कदी कदी." आणि खुर्ची होती तिथे परत नेऊन ठेवून त्या आत गेल्या. एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, तर कीर्ती पायावर पडून मोकळी झाली असती. तेवढीही सोय त्यांनी तिला ठेवली नाही.

केदार दुसऱ्या दिवशी बॉक्स घेऊन बोईसरला गेला. भावेशने हळहळून मान हलवली. डिस्कवरचं सगळं कुलूपबंद असतं, बाहेर काढता येत नाही, आणि ज्याच्यावर नवीन भरलं गेलं ते तर कुणालाच परत आणता येणार नाही. "पिवळं बटण सांगितलं होतं ना भाभीला," तो म्हणाला. वाहिनीला फोन केला. तिथली मुलगी गोड बोलली, पण थेट कार्यक्रम आम्ही जपून ठेवत नाही म्हणाली. मोबाइलवर शोधलं, तिथे चिकूच्या मिल्कशेकपासून चिकूच्या हलव्यापर्यंत सगळं सापडलं. अण्णा सापडले नाहीत. घरी येऊन केदार एकच वाक्य बोलला, "मी पेनड्राइव्हचा म्हणत होतो." पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

कीर्तीने पाचही मालिका बंद केल्या. पहाटे उठून सासूबाईंना चहा, डोळ्यात थेंब, पाठीला तेल, आवडीचं कालवण. एखादी गोष्ट त्यांनी म्हणायच्या आत ती हजर करू लागली. सासूबाई निमूट करून घेत. कधी म्हणत, "बस की गो जरा." तिला बसवत नव्हतं. पिवळ्या चौकटीवरचं 'ओके' तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ते सांगायचं कसं हेही तिला कळत नव्हतं. पण दुसरी एक गोष्ट तिच्या तोंडात अजून तशीच होती. अण्णा काय बोलले ते. तिला तिचं तिला ऐकू दे, असं ते म्हणाले होते. आता सासूबाई कुठून ऐकणार? जे बॉक्सने पुसलं ते आपल्याकडे आहे, निदान तेवढं तरी आपण देऊ शकतो, असं तिला एका दुपारी वाटलं आणि ती उठून वाडीत गेली.

सासूबाई चिकूच्या झाडाखाली गोणपाटावर बसून फळं निवडत होत्या. अण्णांच्या मागे काढणीचा हा पहिलाच माल. एकेक फळ उचलायचं, अंगठ्याने भुकटी पुसायची, नखाने चाचपायचं, आणि मोठं, मध्यम, लहान अशा क्रेटमध्ये टाकायचं. नव्या डोळ्यांनी बघतही नव्हत्या. बोटंच काम करत होती. कीर्ती समोर बसली.

"आई, अण्णा टीव्हीवर काय बोलले, ते तुमाला सांगायचंय."

"काय बोलले?" त्यांचा हात थांबला नाही. "फळगळीचं ना? लाइट जायच्या आधी सगळ्यांनी ऐकलं ते."

"त्याच्या नंतर. एका बाईंनी विचारलं, फळ तयार झालं कसं ओळखता. अण्णा म्हणाले, मला समजत नाय. मी घरी विचारतो."

हात थांबला.

"घरी म्हणजे?"

"म्हणजे तुमाला. म्हणाले, लोक माज्या हाताचं नाव घेतात, पण तो हात माजा नाय. शाल मिळाली तेवा बोललो नाय, चुकलं माजं, असं पण म्हणाले."

सासूबाई कीर्तीकडे बघत राहिल्या. डोळे आता स्वच्छ होते, त्यात पाणी भरत आलेलं लगेच दिसलं. क्षणभर कीर्तीला वाटलं, पोचलं. जिथे पोचायचं होतं तिथे पोचलं.

"कसं बोलले?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "त्यांच्या तोंडचं सांग. जसंच्या तसं. घरी विचारतो, असं बोलले?"

सुनेने सासूचं नाव घ्यायचं नसतं. म्हणून तर कीर्तीने पहिल्यांदा ते गाळलं होतं. पण जसंच्या तसं मागितलं, आता लपवायचं कशाला? ती खाली बघून म्हणाली, "आमच्या घरी सुलू हाय, असं बोलले. चाळीस वर्सं मी सुलूला विचारूनच काढतो, असं."

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि हसल्या. लहान मूल खोटं बोलताना पकडलं गेलं, की आपण हसतो तशा, मायेने.

"इथं चुकलीस बाय तू."

"आई, खरंच. तेजलची शप्पत."

"पोरीची शप्पत नको घेऊ." त्यांनी कीर्तीचा हात धरला. "मंगळसूत्र घातलं त्या दिवशी बायकांनी घेरून सांगितलं, नाव घ्या नाव घ्या. तवा पण नाय घेतलं. आजारी पडले, तापात बडबडले, तवा पण केदारची आई. ते टीव्हीवर जाऊन, साऱ्या जगापुढं, सुलू म्हणतील?"

"म्हणाले, आई. मी ऐकलं. मी एकटीने—"

"मला म्हाईत हाय, तुला किती लागलंय ते. इतके दिवस बघतेय ना मी. तेल लावतेस, थेंब घालतेस. आता हे पण." त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. "गुणाची हायस. बरं वाटलं मला ऐकून. खोटं असलं म्हणून काय झालं?"

कीर्तीने तोंड उघडलं. पिवळ्या चौकटीचं सांगावं, इन्व्हर्टरचं सांगावं, अण्णांचे लाल झालेले कान सांगावे, असं सगळं एकदम तिच्या घशाशी आलं. पण यातल्या प्रत्येक गोष्टीला साक्षीदार तीच होती, आणि तिची साक्ष आता कुणी धरणार नव्हतं. दाखवता येण्यासारखं जे होतं ते तिच्याच हाताने गेलं होतं.

सासूबाईंनी पुढचं फळ उचललं, भुकटी पुसली, नखाने इतकंसं खरडलं आणि कीर्तीपुढे धरलं.

"हा बघ, कच्चा काढलाय केदारने," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या हातून असं कदी झालं नसतं."